आसोपालव म्हणजे अशोक नव्हे

१२ फेब्रुवारी

सकाळी भास्कररावांचा फोन. मराठी मंडळाच्या पाडवा अंकाचं संपादन दरवर्षी त्यांच्या गळ्यात पडतं आणि मग ते माझा गळा धरतात. "चिटणीस, झाडांवर काहीतरी द्या. पण मागच्यासारखं नको, निम्मे वाचक लॅटिन नावांतच गारद झाले." मी तिथल्या तिथे विषय सांगून टाकला. दोन अशोक.

हा विषय तीस वर्षं डोक्यात खदखदतोय. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हा दर जूनला पहिल्या तासाला विचारायचो, "अशोक पाहिलाय का?" सगळा वर्ग खिडकीबाहेर बोट दाखवायचा. बाहेर तो उंच, सरळसोट, लोंबत्या पानांचा. बडोद्यात दर दुसऱ्या कुंपणाला तोच. आमच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीत अठरा आहेत. गुजराती त्याला आसोपालव म्हणतात, त्याच्या पानांचं तोरण बांधतात. मराठी माणूस त्याला बेधडक अशोक म्हणतो. अहो, तो अशोक नव्हे! तो सीताफळाच्या घराण्यातला. खरा अशोक, ज्याच्याखाली सीता बसली म्हणतात तो, शेंगा धरणारा, चिंचेच्या गोतातला. दोघांच्या वाटा तेरा-चौदा कोटी वर्षांमागे वेगळ्या झाल्या. दोघांनाही फुलं येतात, एवढंच काय ते नातं.

जेवताना प्रेमलाला हे ऐकवलं. म्हणाली, "लोकांना तोरणाला पान मिळालं की झालं. तुम्हाला मेलं प्रत्येकाचं गोत्र हवं." बायकोला एकोणचाळीस वर्षं शिकवून ही प्रगती.

१५ फेब्रुवारी

भिंग पुसायला मऊ फडकं हवं होतं. घरातली जुनी सुती पातळं कुठे गडप झाली कोण जाणे, एक चिंधी मिळेना. शोधता शोधता स्वयंपाकघरातल्या कपाटात डाळीच्या डब्यांमागे कागदी पुडी सापडली. वर गुजरातीत पेनने लिहिलेलं: आसोपालव छाल.

"हे काय?"

प्रेमला पुडी हातातून घेत म्हणाली, "अंगावर जातंय थोडं. आमच्या माहेरी अशोकाची सालच घ्यायचे. मांडवीच्या गांधीकडून आणली." देशी औषधांच्या दुकानदाराला बडोद्यात गांधी म्हणतात.

"आणि मागितलीस काय म्हणून?"

"आसोपालव म्हणून. गांधी गुजराती आहे, त्याला अशोक कसं कळणार?"

मी कपाळावर हात मारला. वनस्पतिशास्त्राच्या मास्तराची बायको अशोक समजून सीताफळाच्या चुलतभावाची साल पितेय! तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, मग टाकून देऊ?" मी म्हटलं, अजिबात नाही, हा नमुना आहे.

अंगावर जाण्याबद्दल अधिक काही विचारलं नाही. बायकांचं असतं काहीतरी. पांढरं जातं, अशक्तपणा येतो, आईलाही व्हायचं.

आणखी एक. उद्यापासून देवपूजा मी करायची. तिचे गुडघे दुखतात, पाटावर बसवत नाही.

१७ फेब्रुवारी

मांडवीला जाऊन गांधीला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बेने आसोपालव माग्यो, में आसोपालव आप्यो." यात त्याचं काही चुकलं नाही, हे मला रिक्षात बसल्यावर पटलं. चूक शब्दाची आहे. त्याच्याकडची 'अशोक' लिहिलेली पुडीही आणून पाहिली, तर ती भेसळीची. तेव्हा साल झाडावरूनच आणायची. लेखालाही उपयोग होईल आणि हिलाही.

२० फेब्रुवारी

तीन दिवस सूक्ष्मदर्शकापाशी. हिच्या पुडीतली साल पिवळसर, धागेदार, किंचित सुवासिक: आसोपालवच, शंका नाही. सोसायटीतल्या झाडाची साल शेजारी ठेवून ताडून पाहिली. त्याला आत्ताच कळ्या धरल्यात. फूल हिरवट, सहा पाकळ्यांचं, पानांत पान होऊन बसलेलं. खाली उभं राहूनही लोकांना दिसत नाही.

प्रेमला हल्ली रोज चादर धुते. धुणंभांड्याला बाई असताना ही स्वतः, तेही सकाळी सहाला. विचारलं तर म्हणे धूळ फार येते. खिडक्यांना जाळी लावून घ्यायला हवी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास केला, पण देवळात आली नाही. लग्नानंतर प्रथमच मी एकटा गेलो. गुडघ्यांनी बिचारीला अगदी जखडलंय. आणि संध्याकाळी पाहतो तर गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन तीन मजले उतरून येत होती! म्हटलं, "आता नाही दुखत वाटतं?" हसली नुसती.

३ मार्च

डभोईला जाऊन आलो. एसटीत दीड तास उभा, पण दिवस सोन्याचा. सुभानराव माझा कॉलेजचा मित्र, नोकरी सोडून डभोईबाहेर शेती करतो. त्याच्या विहिरीजवळ अशोक आहे, वडिलांनी लावलेला. ऐन बहरात होता. खोडालाच गुच्छ फुटलेले, पिवळे, नारिंगी, लाल, एकाच गुच्छात तिन्ही रंग, कारण फूल जुनं होत जातं तसं तांबडं होत जातं. आणि गंमत म्हणजे त्याला पाकळ्या नाहीतच. आपण पाकळ्या समजतो ती निदलं. तासभर मान वर करून उभा होतो.

जाड फांदीची बोटभर रुंद पट्टी उभी काढली, झाडाला इजा होणार नाही अशी. ताजी साल आतून फिकट असते. हवा लागली की तांबूस होत जाते, बघता बघता. मी घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी रंग टिपत होतो. पांढुरका, मग पिवळसर, मग गुलाबी, पंचवीस मिनिटांनी विटकरी. सुभानराव म्हणाला, "लेखासाठी एवढं?" मी म्हटलं, प्रेमलासाठी पण.

"वहिनींना काय होतंय?"

"अंगावर जातं म्हणे."

"किती दिवस झाले?"

"विचारलं नाही."

"अरे, मग विचार की!"

"अशा गोष्टी नवऱ्यानं विचारायच्या असतात का?" मी म्हटलं. त्याने किलोभर वांगी आणि एक लांबलचक दुधी पिशवीत कोंबला.

४ मार्च

क्षीरपाक केला. साल कुटायची, दूध आणि पाणी घालून उकळायची, पाणी आटून दूध उरलं की गाळायचं. सगळं मी माझ्या हातांनी केलं. पहिल्यांदा उतू गेलं, दुसऱ्यांदा तळाला लागलं. प्रेमला दारात उभी राहून पाहत होती. "शेगडी मंद करा अहो," एवढंच म्हणाली.

पेला तोंडाला लावून म्हणाली, "कडू आहे."

"तुरट. कडू नव्हे, तुरट. तोच तर गुण."

"बरं, तुरट," म्हणाली आणि प्यायली.

१२ मार्च

आठ दिवस झाले. विचारलं, "फरक?" म्हणाली, "हो, बरं वाटतंय." हे लिहून ठेवतोय, कारण आसोपालवाची साल तिने दोन महिने घेऊन उपयोग झाला नव्हता आणि खऱ्या अशोकाने आठ दिवसांत आला. लेखात नाव न घालता देता येईल.

१८ मार्च

लेख भास्कररावांना दिला. शीर्षक 'आसोपालव म्हणजे अशोक नव्हे'. त्यांना आवडला. म्हणाले, या वेळी समजला.

माझं मन मात्र आज थाऱ्यावर नाही. प्रेमला पोळ्या लाटताना मधेच ओट्याला धरून उभी राहिली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. उपास फार करते, आणि उन्हाळा सुरू झालाय. की मात्रा कमी पडतेय? उद्यापासून सालीचं प्रमाण वाढवतो.

दुपारी ठरवून स्वयंपाकघरात गेलो होतो, आज नीट विचारायचंच म्हणून. कधीपासून, किती, काय. ती भाजी चिरत होती. वर पाहिलं. मी म्हटलं, "मीठ कुठे असतं?" तिने बरणी दाखवली. मिठाचं काय करायचं ते न कळून चिमूटभर तळहातावर घेऊन बाहेर आलो. वर्गात साठ पोरापोरींना परागकण, बीजांड, गर्भधारणा सगळं बेधडक शिकवत आलो. बायकोशी बोलताना जीभ टाळूला चिकटते. आमच्या घरात हे असंच.

३० मार्च, पाडवा

गुढी मीच उभारली. प्रेमला चार हातांवरून सांगत होती, साखरेची गाठी अशी, कडुनिंब असा. स्वतः हात लावला नाही. शेजारच्या पटेलबेननी तोरण पाठवलं, अर्थात आसोपालवाचं. बांधलं बापडं.

मोहना आणि कुशल कोयलीहून जेवायला आले. कुशल रिफायनरीत आहे, त्याची पाळी संध्याकाळची, म्हणून लवकर पानं वाढली. अंकात माझा लेख छापून आलाय, तो मी मोठ्याने वाचून दाखवला. जावयाने बिचाऱ्याने पूर्ण ऐकला. मोहनाचं लक्ष नव्हतं. ती सारखी आईकडे बघत होती.

"आई, तू अशी पांढरीफटक का पडलीस?"

"उन्हाळा आहे ग."

"बाबा, आईला कोणाला दाखवलंत का?"

मी सांगितलं की औषध चालू आहे, खात्रीचं आहे, आणि गुणही आलाय. तिने विचारलं, गुण आला म्हणजे नक्की काय झालं? प्रेमलाच म्हणाली, "अगं, बरं आहे मला. श्रीखंड घे."

४ एप्रिल

आजच लिहायला हवं.

आमच्याकडे चैत्रगौर तिजेला बसते; यंदा तीज उलटून गेली तरी बसली नाही. माझ्या आईपासूनची पितळी गौर, झोपाळा, आंब्याची डाळ, पन्हं. यंदा प्रेमलाने मोहनाला फोन करून सांगितलं, "तूच ने तुझ्याकडे. मला नाही जमायचं." मोहना आज गौर न्यायला आली. गौरीचा डबा काढून द्यायचा तर प्रेमला देवघराच्या उंबऱ्याशीच थांबली आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही काढून द्या."

मोहना तिच्याकडे बघत राहिली. मग हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मी गौर पुसत बसलो.

मोहना बाहेर आली ती डोळे पुसतच. "बाबा, आई देवाला का शिवत नाहीये, तुम्ही विचारलंत?"

"गुडघे."

"गुडघे नाहीत हो! ती बाजूला बसल्यासारखी राहतेय. दीड महिना. तुमच्या डोळ्यांसमोर. तिला रक्त जातंय, बाबा. या वयात."

देवळात न येणं. गुढीला हात न लावणं. पातळं. चादरी. दीड महिन्यात हे सगळं माझ्या समोर घडलं, मी त्यातलं काही काही तर इथे लिहूनही ठेवलंय. मागची पानं उलटली आणि मला माझी भयंकर लाज वाटली.

५ एप्रिल

मोहनाने रात्रीच वेळ घेतली होती. डॉ. देवश्री, मोहनाच्या वयाची आहे. मला वाटलं मला बाहेर बसवेल, पण म्हणाली, काका, तुम्ही पण बसा.

"काकू, अंगावर जातं ते पांढरं की लाल?"

प्रेमला बोलेना, म्हणून मी म्हटलं, "पांढरं असावं." असावं! सुभानरावाच्या विहिरीवर बसून सालीचा रंग मी पाच-पाच मिनिटांनी टिपला होता.

प्रेमला खाली बघून म्हणाली, "लाल."

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या आसपास."

"आणि पाळी कधी गेली?"

"अकरा वर्षं झाली."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. रागावली नाही. म्हणाली, "काकू, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला ना, तरी दुसऱ्या दिवशी यायचं असतं." मी विचारलं, अशोकाची साल चालू आहे, ती सुरू ठेवायची का? तिने माझ्याकडे पाहिलं, मग मोहनाकडे, आणि म्हणाली, "नको, काका. आधी काय आहे ते बघू."

९ एप्रिल

गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवडा लागेल. हिमोग्लोबिन सात. भास्करराव फोनवर म्हणाले, लेखाचं कौतुक होतंय, दोन वाचकांची पत्रं आलीत, एकाने विचारलंय खरी साल कुठे मिळेल. मी म्हटलं, त्याला कळवा की आधी डॉक्टरला दाखव. ते म्हणाले, "म्हणजे?" मी फोन ठेवला.

१७ एप्रिल

कॅन्सर आहे. पिशवीत आहे आणि एका गाठीपर्यंत पोचलाय. आधी ऑपरेशन, मग रेडिएशनचे शेक. डॉक्टर म्हणाली, उपचार आहेत, काकूंची तब्येत मुळात काटक आहे, धीर सोडू नका.

मी तिला बाहेर गाठून एकट्याने विचारलं, "फेब्रुवारीत आणलं असतं तर?" तिने टाळायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, मी शिक्षक आहे, मला नीट सांग. मग म्हणाली, "दसऱ्याला आल्या असत्या तर बहुतेक नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं. फेब्रुवारीचं नाही सांगता यायचं, काका. कदाचित."

त्या एका 'कदाचित'वर आता मला उरलेलं आयुष्य काढायचंय. दसरा ते फेब्रुवारी तिने सांगितलं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल तिने सांगितलं, आणि मी साल तपासली. खरी होती, अस्सल होती, आणि तिच्या दुखण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

१८ एप्रिल

आज विचारलं. दुपारी ती पडली होती, मी खुर्ची ओढून जवळ बसलो.

"त्या क्षीरपाकाने काही फरक पडला होता का? खरं."

"चार दिवस कमी वाटलं. मग नाही. मग वाढलंच."

"मी रोज विचारत होतो ग! बरं आहे, बरं आहे म्हणायचीस."

ती छताकडे बघत होती. "एकोणचाळीस वर्षांत तुम्ही माझ्यासाठी कधी शेगडी पेटवली नव्हतीत. रोज सकाळी पेला घेऊन उभे राहायचात, पिऊन होईपर्यंत. उपयोग नाही म्हटलं असतं तर तुम्ही बंद केलं असतंत." मग म्हणाली, "तेवढ्यासाठी प्यायले."

मला रडू आवरलं नाही. तिच्यासमोर मी आधी कधी रडलो नव्हतो, आई गेली तेव्हासुद्धा नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजारी ती, आणि समजूत माझी काढत होती.

२४ एप्रिल

तीन बाटल्या रक्त चढवून झालं. उद्या सकाळी सातला भरती, परवा ऑपरेशन. मोहना आजपासून इथेच आहे, पिशवी भरतेय. मी प्रेमलाच्या सगळ्या तारखा, तिला आठवतील तशा, तिच्याकडून विचारून विचारून एका कागदावर लिहून घेतल्या, डॉक्टरला द्यायला. किती, कसा रंग, दुखलं का. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. दोघांचेही कान तापले होते. पण विचारलं.

दुपारी चारला तिला चहा हवा होता. मोहना उठत होती, मी म्हटलं, बस, मी करतो. आलं किसलं, दूध घातलं, कप तिच्या हातात दिला.

"कसा झालाय?"

"छान."

"प्रेमला, खरं सांग."

तिने आणखी एक घोट घेतला. मग म्हणाली, "पाणचट झालाय. आणि साखर केवढी ओतलीत!"

मी कप घेतला, मोरीत ओतला आणि नवीन आधण ठेवलं.